कंपूचं मैदान, जानेवारी

धुक्यात पहिली साठ पावलं दिसतात,
पुढचा चुना आम्ही मानून घेतो.
गुडघा गेल्यापासून घड्याळ माझ्याकडे.
फाळके सर म्हणतात, "वहिनी, नुसतं ऐका."

ऐकते.
तौसीफचे पाय शेव चावल्यासारखे,
बँकेतले सुर्वे दर वळणावर खोकतात,
आणि शाल्मली, इयत्ता आठवी,
भावाचे बूट, पुढे कापूस कोंबलेला,
तिचा एक पाय जरा उशिरा वाजतो.

आठशे मीटर म्हणजे दोनदा नाहीसं होणं.

आज दुसऱ्या फेरीत, पलीकडे कुठेतरी,
तो उशिरा वाजणारा पाय थांबला.
तौसीफ आला. खोकत सुर्वे आले.
"ती कुठाय?"
"मागेच होती की."

मी धुक्याकडे बघत राहिले,
अंगठा बटणावर तसाच.

मग आलं काहीतरी हलकं, बिनआवाजी,
रेघेवरून गेलंसुद्धा.
बूट हातात, मोजे चिखलाने काळे.
"काकू, किती?"

घड्याळ अजून पळतच होतं.
मी म्हटलं, दोन एक्केचाळीस.

तिनं वहीत लिहिलं,
कापूस झटकला,
आणि आकड्याखाली रेघ मारली.
दोनदा.