चाळीस मिनिटांवर

बेटाचं नाव मी सांगणार नाही.
फोर्ट लॉडरडेलहून चाळीस मिनिटं,
विमान चढतं न चढतं तोच उतरायला लागतं,
आम्ही त्यात चहासुद्धा देत नाही.

मिरलांद देझीर, वय एकावन्न.
काट्यावर खोकं: शाळेचे बूट तीन जोड,
केसांचं तेल, टॉवेलात गुंडाळलेली मेणाची फुलं.
पासपोर्ट हैतीचा. कार्ड इथलं,
एकोणीस वर्षं पाकिटात राहून कडा मऊ झालेलं.
"हे चालतं," ती म्हणाली. "सगळे म्हणतात, चालतं."

चालतं. पलीकडच्या बेटावर चालतं.
त्याच्या पलीकडे तीस दिवस चालतं,
परतीचं तिकीट दाखवलं तर.
एका ठिकाणी बोटीने आलात
आणि दिवे लागायच्या आत निघालात, तर.
ग्रीन कार्डाचं असं आहे बाई,
ते घरात ठेवून घेतं,
शेजारी नेईलच असं नाही.

पडद्यावर ओळ आली, तांबडी:
या पासपोर्टला सूट नाही.
व्हिसा आधी काढावा. कामाचे दिवस पंधरा.
माती उद्या अकराला.

कुणाची, मी विचारलं नव्हतं.
"आईची."

पासपोर्ट पुन्हा उघडला,
काही सुटलंय का बघायला.
जन्मस्थानाच्या रकान्यात
तेच बेट.

"आईबाप होडीतून आले. मी तिथलीच,
फक्त कागदाने नाही.
माझी नाळ पुरलीय तिथे, नीरफणसाखाली.
झाड आहे अजून. त्याला विचारा."

मागे नवं जोडपं, सारख्या टोप्या,
निळ्या पुस्तकांनी वारा घेत.
क्लॉडेटला फोन लावला. ती म्हणाली,
तिथून परत पाठवलं तर दंड आपल्या माथी.
मी हात वर केले.
त्याचाच पगार मिळतो मला.

(माझं कार्ड मी गेल्या साली परत केलं,
शपथ घेतली, निळं पुस्तक घेतलं.
लोकांना वाटलं देशप्रेम.
मला फक्त काउंटरच्या या बाजूला यायचं होतं.)

"बूट तरी जाऊ देत," ती म्हणाली.
"बुटांना लागत नाही ना?"
बुटांना एक पान लागतं. दोघींनी मिळून भरलं.
'मूळ ठिकाण' या रकान्यापाशी
ती पेन धरून उभीच राहिली.
टोपीवाला खाकरला.
मी म्हटलं, बुटांचं लिहायचंय.

व्हिएतनाम, तिने लिहिलं.

बूट चाळीस मिनिटांत पोचले.