हरण्या

चिनावलच्या शिवारात, श्रावणात,
सुपडू भारंबेंनी एक पान उजेडाकडे धरलं.
"ताई, हे पिवये पट्टे कायचे?"
मी म्हटलं, हरण्या.
हरणाचा इथे काय संबंध, ते मला कुणी शिकवलं नाही.
पंचनाम्यात मी रोगाचं नाव लिहिलं
आणि रोपं: एकशे सतरा.

ते जिवंत नाही, भाऊ. मेलेलंही नाही.
एक निरोप आहे, तीन चिठ्ठ्यांत फाडलेला,
प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या पाकिटात.
एक पोचून भागत नाही.
तिन्ही एकाच घरात शिरल्या
की घर त्या वाचतं, थोरल्याचा हुकूम असल्यासारखं,
आणि चूल, पीठ, पाणी सगळं
त्यांच्या नकला काढायला जुंपतं.
पेशींच्या भिंतींना बारीक भोकं असतात,
शेजारणीला विरजणाची वाटी देता येईल एवढी.
निरोप ती भोकं रुंद करतो
आणि वाटीबरोबर पलीकडे जातो.

मग मावा. कपाशीवरून उठलेला,
मोहरीएवढाही नाही.
आजारी पानाचा वास त्याला दुरून गोड येतो.
बसतो, सोंड टोचतो, चव बिघडलेली,
उठतो. पुढचं रोप.
एवढ्यात काम झालं.
बोलावणारा तोच, हाकलणाराही तोच.
सुपडूभाऊ हसले, "म्हन्जे आवतन मोठं
अन् वरनात मीठच नाही."

पानात कोटी असतात.
सोंडेच्या टोकाशी मावतात हातावर मोजण्याइतके.
पोचतात ते ताकदीने नव्हे,
नेमके त्या थेंबात होते म्हणून.
पुढच्या शेतातलं सगळं कूळ त्यांचं.

आणि नकला काढताना चुका होतात.
काना सुटतो, वेलांटी उलटी पडते,
तपासायला बसलेलं कुणी नाही.
बहुतेक चुका जागीच मरतात, वाचताच येत नाहीत.
एखादी वाचता येते. वेगळी वाचता येते.

माझी आई केळीला केयी म्हणायची,
काळ्याला काया, डोळ्याला डोया.
मी वहीत तसंच लिहिलं तेव्हा
बाईंनी लाल शाईने गोल केला होता.
कधीतरी कुणाच्या तरी जिभेवर ळ घसरला असेल,
शेजारच्या कानाने तो तसाच उचलला,
आणि तापीच्या काठाने गावोगाव गेला.
आता ती चूक नाही. बोली आहे.
हे मी सुपडूभाऊंना सांगितलं नाही.
त्यांच्यासमोर माझा ळ सरकारी असतो.

सायबू तडवीने उपटायला घेतलं.
तीन महिन्यांची रोपं, मुळाशी अजून
रोपवाटिकेच्या पिशवीचा आकार.
खड्ड्यात मोजली तर एकशे तेवीस.
सहा जास्त कशी? ती तर हिरवीगार होती.
"शेजारी होती ना," तो म्हणाला,
आणि माती ओढली.

बांधावर केना फुलला होता, निळा,
पान तुकतुकीत, एकही पट्टा नाही.
कधी कधी तो निरोप केन्यात राहतो,
महिनोन्महिने, काही न बिघडवता.
किती पिढ्यांची ओळख असेल ही,
की एकाने मारायचं सोडलं
आणि दुसऱ्याने आजारी पडायचं.
मी पान उलटलं.
खाली मावा होता, गर्दीने.
सुपडूभाऊ म्हणाले, हा तर म्हशीचा चारा.

जीपमध्ये बसल्यावर ओढणीवर एक दिसला,
पंखवाला.
सोंडेवरचा निरोप फार टिकत नाही,
काही तासांत पुसला जातो, हे मला पाठ आहे.
त्याच्या सोंडेवर काही होतं का, ते मात्र माहीत नाही.
मी काच वर केली आणि त्याला चिमटीत धरलं.
फैजपूरपर्यंत दोन्ही बाजूंना तीच, तीच,
एकाच पेशीतून वाढवलेली,
एकाच उंचीची, एकाच तारखेला लावलेली,
एकीला जे होईल ते सगळ्यांना होईल अशी.

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, एवढं काय पाहता?"
"केयी," मी म्हटलं.