शेरा

दर तीन महिन्यांनी मी टेर्नोय बेटावर उतरायचे,
विजेचे मीटर वाचायला.
उतरायचे म्हणजे उडीच.
लाट नावेला वर उचलते तेवढ्यात पाय खडकावर;
विचार करत बसलं की पाण्यात.
सात घरं, एक शाळा, एक वही.
वहीत रकाने चार: घर, मागचा आकडा, आताचा आकडा,
आणि कडेला चिंचोळा, शेरा.

आर्मगारच्या घरी तीन महिन्यांत एकोणीस युनिट.
ऑफिसनं विचारलं, मीटर बंद पडलाय का?
मी म्हटलं, बाई अंधारात विणते.
काळी लोकर, करडी लोकर, ती वासावरून ओळखायची.
"काळीला वास जास्त, ती ऊन जास्त पिते," म्हणायची.
त्या बेटावर ऊन वर्षातून किती तास,
हे विचारायची माझी छाती नव्हती.
शेरा: चहा घेतल्याशिवाय मीटरपाशी जाऊ देत नाही.

हानुस आणि टुम्मास, सख्खे भाऊ, भिंतीला भिंत.
एका मेंढ्यावरून एकतीस वर्षं अबोला.
पण होडी दोघांत एकच,
आणि ती चढावर ओढायला माणसं दोन लागतात.
तेव्हा रोज संध्याकाळी
एक पुढून, एक मागून,
ना हूं ना चूं,
होडी वर यायची.
मी पाहिलंय, एकाचा पाय घसरला की दुसरा थांबायचा
समुद्राकडे बघत,
जसा काही समुद्रासाठीच थांबलाय.

टुम्मासला पुरलं त्या दिवशी आम्ही नऊजण
आणि तोर्शाव्हनहून आलेला, बोट लागून पिवळा पडलेला पाद्री.
हानुस काय बोलतो म्हणून सगळे थांबलो.
तो म्हणाला, "मेंढा माझाच होता."
मग टोपी हातातच घेऊन घरी गेला, भर पावसात.
दुसऱ्या संध्याकाळी होडीच्या मागच्या टोकाला
एल्स्पा येऊन उभी राहिली,
ऐंशी वर्षांची मास्तरीण, कुणी न बोलावता.

एल्स्पा.
शाळेत पोर उरलं एक, मग तेही गेलं.
घंटा मात्र रोज आठला.
शाळेचा मीटर वाचताना ती माझी बेरीज तपासायची.
दोनदा चूक सापडली,
दोन्ही वेळा तिनं मला रुबार्बची वडी दिली.
आता घंटेची दोरी कुजलीय.
तरी सकाळी शाळेच्या कुंपणाशी मेंढ्या येऊन उभ्या राहतात,
रवंथ करत, जराशा रागानं.
त्यांचे आठ अजून वाजतात.

पुढे पुढे मागचा आकडा आणि आताचा आकडा
एकच यायला लागले.
आधी एका घरी. मग तीन.
फक्त आर्मगारचा मीटर, ती गेल्यावर,
एकोणीसवरून नव्वदवर.
दगडाखालची किल्ली काढून मी आत गेले.
मुलानं कधीतरी पाठवलेला फ्रीझर,
ज्यावर ती हयातभर लोकरीचे गुंडे ठेवायची,
तो चालू होता.
आत रक्ताचे सॉसेज, तिनं केलेले शेवटचे,
प्रत्येकावर तिच्या अक्षरात साल.
मी कोपनहेगनला रेगिनला फोन लावला.
"राहू दे चालू," तो म्हणाला,
आणि बराच वेळ आम्ही दोघांनी फोन ठेवला नाही.

नवे मीटर आता आपले आपण आकडे पाठवतात.
ऑफिसनं वही मागितली, आकडे उतरवून घेतले,
वही परत दिली.
शेऱ्याला त्यांच्या यंत्रात जागा नाही.
तो सगळा माझ्याकडेच आहे:
दार उचलून मग ढकलावं.
कुत्रा चावत नाही, हानुस चावतो.
पायरी तिसरी, शेवाळ.

शेवटच्या फेरीला मी नावेत बसून सगळ्या घरांपुढे
काहीबाही लिहिलं, बरंचसं खोडलं.
शाळेपुढचं तेवढं ठेवलंय:
बेरीज तपासलेली नाही.