कोऱ्या पानाचे पंचवीस रुपये

नव्या पेठेत, जिन्याखालच्या माझ्या डीटीपीच्या दुकानात
दुडम काका पहिल्यांदा आले तेव्हा
बगलेत गिरणीच्या हजेरीची लाल कापडी वही
आणि हातात शेंगाचटणीचा पत्र्याचा डबा.
वहीत आठवणी. डब्यात निगेटिव्ह.
म्हणाले, विचार तेलुगूत करतो, लिहितो मराठीत,
शिव्या फौजेत हिंदीतून शिकलो,
तेव्हा शुद्धलेखन तूच बघ.

पानाला पंचवीस, मी सांगितलं.

निगेटिव्ह उजेडाला धरली की
चेहरे काळे, केस पांढरे,
सगळे हिप्पी एकदम म्हातारे दिसतात.
(आता असतीलही.)
बोटांना लसणाचा वास राहतो.
त्र्याहत्तर साल. आगफाचा डबा कॅमेरा,
एका रिळात बारा फोटो
आणि चार महिन्यांना रिळं दोनच.

म्हणून काकांच्या फोटोत डोंगर नाहीत, देवळं नाहीत.
एक किटली आहे.
उंबऱ्याबाहेर अकरा जोड चपला
आणि त्यांच्या कडेला फौजी बूट, नाडी बांधून ठेवलेले.
एक गोरी मुलगी स्टोव्हला पिन मारतेय,
जीभ दातांत धरून.

वहीत असं:
"सिग्नलमधून सुटलो तेव्हा नायना म्हणाले, मागावर बस.
बसलो. धोटा खट्ट झाला की मान आत जायची.
चौथ्या दिवशी स्टेशनवर गेलो
आणि आली त्या गाडीत चढलो."
मी विचारलं, कुठली गाडी?
"मद्रासची आली असती तर मद्रास.
पुण्याकडची आली.
तू टाईप करूलालीस का चौकशी करूलालीस?"

केस कानावर यायला काठमांडू उजाडलं.

पान एकोणचाळीस:
"डेल नावाचा अमेरिकन. अंगावर चादर.
मी जवळ जाऊन किनार उलटी केली, तो दचकला.
मोर, आठ पाकळ्यांचं फूल,
आणि फुलाच्या देठात एक धागा चुकलेला.
ही चूक आमच्या घरच्या जेकार्डची.
एका पुठ्ठ्याला भोक कमी होतं,
नायनांनी तो कधी बदलला नाही.
म्हणायचे, कुणाला दिसतंय!"

पान चाळीस:
"दिवाळी. अंगणात कुणीतरी लवंगीची माळ लावली.
पोरंपोरी नाचायला लागली.
मी आणि डेल जमिनीवर पालथे.
वर एकच चादर, दोघांनी ओढलेली.
मग एकमेकांकडे बघितलं.
त्यानं विचारलं नाही, कुठं.
मीही विचारलं नाही, कुठं."

रीळ दुसरं, फोटो नववा:
पडताना बटण दाबलं गेलेला.
फरशी, तिरकी किनार, कुणाच्या तरी अंगठ्याचं नख.
दुकान बंद करून मी तो मोठा केला,
एवढा, की नुसते दाणे उरले,
आणि देठ शोधला.
आहे. चुकलेला आहे.

एक्केचाळीसचं पान वहीत कोरं होतं.
मला वाटलं, दोन पानं चिकटून उलटली असतील.
"नाही. ते एकाहत्तरचा डिसेंबर आहे," काका म्हणाले.
"आकडा घाल खाली. मजकूर नको."
बेचाळीसवर ते एकदम हणजूणला,
मासे खाल्ले, पोट बिघडलं,
कुणीतरी रात्रभर बासरी वाजवली, वाईट.

हिशेब केला तेव्हा कोरं पान मी धरलं नाही.
त्यांनी बोट लावून पानं मोजली, पुन्हा मोजली,
आणि पंचवीस रुपये वेगळे काढून
माझ्या की-बोर्डवर ठेवले.
"सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागलाय गं."

डबा विसरून गेलेत.
परवा माझ्या पोरानं भाकरी घेऊन झाकण काढलं.
आता मी त्यावर कागद चिकटवलाय,
ठळक अक्षरात, चोवीस पॉइंट:
चटणी नाही.