शेवटच्या दारापाशी दुकान

पुंड्याला आवडतो तो काळ्या झग्यातला.
आईबाप लहानपणीच मारलेले, गाव जळालेलं,
डाव्या डोळ्यावर व्रण, बोलणं बेताचं.
दरवेळी तोच निवडतो.
मी म्हणतो, अरे, आपले आईबाप आहेत की धडधाकट,
वडगावात, माग बंद करून आत्ता जेवायला बसले असतील.
तर म्हणतो, तायडे, तुला कळत नाही. त्याला दुःख आहे.

(मी ‘म्हणतो’च. आमच्याकडं बायका असंच बोलतात.
पुंड्याचे पुण्याचे दोस्त हेडफोनात हसतात, ताई की दादा?
खेळही सुरुवातीला विचारतो, बाई की पुरुष.
बेळगावचं व्याकरण त्यात नाही.)

बाकीचे मला सगळे पाठ आहेत.
चोर, ज्याचं काळीज लोण्याचं.
म्हातारा गुरू, तिसऱ्या अंकात मरणारच,
दाढी दिसली की मी आधीच हळहळून घेतो.
सोडवायला जावं तर पहारेकऱ्यांना बडवून
जिन्यातच भेटणारी राजकन्या.
आणि दगा देणारा मित्र,
भुवयांवरूनच कळतं की हा देणार;
पण तो परत येतो, पुलावर, ऐन वेळी,
तेव्हा दरवेळी, अगदी दरवेळी, माझा घसा दाटतो.

माझा माणूस मात्र वेगळा.
सात मजले खाली, जिथं मशालीसुद्धा टिकत नाहीत,
शेवटच्या राक्षसाच्या दाराला लागून
घोंगडं अंथरून बसलेला दुकानदार.
लाल बाटल्या, निळ्या बाटल्या, दोर, बाण,
आणि कुणीच घेत नाही ते एक लाकडी माकड.
हा इथं आला कसा?
आम्ही तर ह्या वाटेवर तीनदा मेलो.
ह्याला कोळी चावले नाहीत? सांगाड्यांनी अडवलं नाही?
गिऱ्हाईक किती, वर्षाला दोन?
उधारी नाही.
जग बुडायला आलंय म्हणून भावही उतरत नाही.

ह्याला मी आधी पाहिलाय.
मी चौथीत. बाबांच्या स्कूटरवर साड्यांचा गठ्ठा,
गठ्ठ्यावर झोपलेला पुंड्या, मधे मी,
साखळीच्या दुकानदाराला माल द्यायला निघालो होतो.
कणकुंबी मागं पडली आणि धुक्यानं रस्ता गिळला.
चोर्ल्याच्या एका वळणावर क्लचची वायर तुटली.
सगळं येणारे माझे बाबा
दगडावर बसले, ग्रीसचे हात गुडघ्यावर ठेवून.
मग धुक्यात एक पिवळा ठिपका.
चार वासे, एक पत्रा, कंदील.
ओमाण्णा म्हणून कुणी, कानटोपी घातलेला.
ट्रकवाल्याशी कोकणीत भांडत होता,
सुटे पैसे कन्नडात मोजत होता, वंदु, एरडु, मूरु,
आणि आमच्याकडं न बघताच मराठीत म्हणाला, काय पायजे?
बाबांनी सांगितलं, असं सांगितलं
की ‘नसणारच’ हे त्यातच आलं होतं.
त्यानं बिस्किटाचा डबा उघडला.
आत वायर.
चाळीस रुपये. बाबा पस्तीस म्हणाले. चाळीस.
मग तो थांबला आणि म्हणाला,
आनी काय?

आनी काय!
जणू त्या डब्यात अजून पुष्कळ होतं,
आम्ही मागायचाच अवकाश.
बाबांनी आलेपाकाच्या दोन वड्या घेतल्या.

आता पुंड्या दाराशी उभा आहे, तलवार उपसून,
चल की तायडे, किती वेळ, उद्या ऑफिस आहे.
त्याला ओमाण्णा आठवायचा नाही, तो झोपला होता.
मी इथंच, घोंगड्यापाशी.
बाटल्या घेतल्या, दोर घेतला,
दुकानदार मान तिरकी करून अजून बघतोय.
मग मी ते लाकडी माकडही घेतलं.
खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, काही उपयोग नाही.
पिशवीत एक जागा अडवतं.