रेघ आधी

मोडी लिहिताना रेघ आधी मारायची,
अक्षरं मागाहून, तिला लोंबकळत.
टिपणीस वकिलांकडे मी एकवीस वर्षं रेघा मारल्या.
महिना सहा रुपये, दसऱ्याला धोतरजोडी,
शाई माझी मी करायची.

पहिली बैठक बुधवारात, तेलघाण्याच्या माडीवर.
आमच्या अर्जांना करडईचा वास यायचा.
मुनसफ कागद उघडायच्या आधीच म्हणायचे,
"टिपणिसांचा दिसतो."
भास्करराव हसायचे. तेव्हा हसायचे.

भाषण त्यांना येत नव्हतं, खरं सांगतो.
हिराबागेत एकदा आग्रहानं उभं केलं,
तर पाणी मागितलं आणि खाली बसले.
त्यांना यायचा तो प्रश्न.
सुपारीच्या खांडाएवढा,
साक्षीदाराच्या दाढेखाली सरकवून द्यायचा
आणि वाट बघत बसायचं.

मोसे खोऱ्यातली ठकी मरगळे,
मोळीसकट धरून आणलेली.
"लाकूड ओलं होतं?"
"नाही जी, सुकं."
"तोडलेलं?"
"पडलेलं."
"मग पाडलं कुणी? वाऱ्याला समन्स काढलं का?"
रखवालदार पागोटं काढून टक्कल पुसत राहिला.
ठकी सुटली. फीपोटी गाडगंभर मध घेऊन आली,
वर दोन माश्या तरंगत होत्या.
मी काढायला गेलो तर म्हणाले,
"राहू दे दगडू, मूळ कागदाला जोडलेल्या आहेत."

मग लाखेचा लिफाफा आला.
गव्हर्नराच्या कौन्सिलात नेमणूक,
नावाआधी ऑनरेबल.
रास्त्यांच्या पेठेत भाड्यानं बंगली, दारात टांगा,
घोडा एका डोळ्यानं अधू, पण पांढरा.
दारावरची पितळी पाटी माझ्याच चुलत्यानं ठोकली,
'टि' चा वेल जरा वाकडा गेला
तो कुणाला दिसला नाही.

पावसाळ्यात कौन्सिल पुण्यात भरायचं.
ते लाल विटांच्या मनोऱ्याखाली आत,
मी पायरीवर चपराशांबरोबर, मांडीवर दप्तर.
पहिल्या दिवशी टांग्यात विचारलं,
"साहेब, आज काय विचारलंत?"
बराच वेळ घोड्याच्या टापा.
मग म्हणाले, "तिथं विचारायचं नसतं रे.
विधेयक पुढं आलं की त्यावर बोलायचं.
प्रश्नाला तिथं कलमच नाही."

तिसऱ्या वर्षी जंगलाची दुरुस्ती आली.
रात्री ते येरझाऱ्या घालत सांगत होते, मी लिहीत होतो.
चौथ्या पानावर वारा आला, समन्स आलं.
माझा बोरू आपोआप भरभर चालू लागला.
"खोड ते," म्हणाले.
मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.
"खोड. रेघ आहे तेवढंच लिहावं."

दुसऱ्या दिवशी सात मिनिटं बोलले, पाणी न मागता.
वर्तमानपत्रानं 'संयमी' म्हटलं.
त्या साली जमिनीवर पडलेलं लाकूडही
जंगल खात्याचं झालं.
ठकी आली नाही. ती कशाला येईल?
मीच उगाच दोन-तीन बाजार
मंडईत मधवाल्यांची तोंडं बघत हिंडलो.

पुढं कायदा बदलला. प्रश्नाला मुभा मिळाली,
लेखी, सहा दिवस आधी कळवून.
तोवर भास्कररावांची मुदत सरलेली,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
तरी मला बोलावलं. "कागद घे."
मी रेघ मारली.
दिवेलागण झाली. स्वयंपाकीण दोनदा डोकावून गेली.
त्यांचे ओठ हलत होते, सुपारी चघळावी तसे.
"उद्या बघू," म्हणाले.
उद्याला मला ताप होता,
परवा त्यांना.

तो कागद मी घरी आणला, चोरी म्हणा हवं तर.
वर रेघ, खाली काही नाही.
मागच्या बाजूला माझ्या नातीनं
दुधाचा हिशेब मांडलाय.
मुलींच्या शाळेत जाते ती, बाळबोध लिहिते,
आधी अक्षरं सगळी मोकळी सोडते
आणि रेघ शेवटी मारते.
कधी कधी विसरतेही.