तीन टक्के

धोपाव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघताना
जुबेदा पावसकर, सुरमईची पाटी पायाशी,
विचारते, "कितीला पडली रे?"
मी आकडा सांगतो.
ती पाटी जराशी लांब सरकवते,
जणू आकड्यालाच वास लागेल.
"येवढ्यात आमच्या होडीला दोन इंजिनं आली असती."

आली असती.
पेट्रोलची घेतली असती तर चार लाख वाचले असते, हेही खरं.
बर्फाच्या बिलामागं लेकीनं मांडलंय:
धंदा वर्षात सहा महिने, दिवसाला साठ किलोमीटर,
आठव्या वर्षी फिटेल.
बॅटरीची हमी आठच वर्षांची,
ते तिनं पेन्सिलीनं लिहिलं, बारीक.
खारं वारं पत्रा खातं
त्याला रकानाच नाही.

परवा रात्रभर लाइट नव्हती.
गाडी अंगणात, नऊ टक्क्यांवर,
आटलेल्या म्हशीसारखी.
चिपळूणचं भाडं बाबल्यानं डिझेलवर मारलं
आणि माझ्या दारावरून हॉर्न देत गेला.

पण काल कुंभार्ली उतरताना
माथ्यावर एकेचाळीस होते,
पोफळीला चव्वेचाळीस.
पाय उचलला की उतार परत देतो काहीतरी.
कोयनेचं पाणी हेच करतं इथं, डोंगराच्या पोटात,
माझ्या जन्माआधीपासून.
तीन टक्के. रुपयांत एक कटिंग चहा.
तरी मी पोफळीला थांबलो, तो चहा प्यायलो,
पैसे देताना हसू आलं.

बोट लागली. जुबेदा पाटीसकट आत बसली.
"आवाज नाय तो? चालू हाय का बंद?"
चालू आहे, म्हटलं.
हप्ताही.